थरांचे ठसे आणि शाईची पार्श्वभूमी: हाताने शुभेच्छापत्रं करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. सोपे आधी, नडणारे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मापं सगळीकडे १०५ × १४८ मिमीच्या कार्डाची धरली आहेत.

१. सुरुवातीला कमीत कमी काय काय घ्यावं?

दोन-तीन थरांचं एखादं फूल आणि एक-दोन वाक्यं असलेला पारदर्शक ठशांचा संच, ॲक्रिलिक ब्लॉक (ठसा चिकटवून धरायचा पारदर्शक ठोकळा), एकाच रंगाच्या फिकट, मध्यम आणि गडद छटेची तीन डाय शाईची पॅडं (प्रश्न ३), अक्षरांसाठी एक काळं पॅड, दोन-तीन ब्लेंडिंग ब्रश (शाई कागदावर फिरवून हळूहळू मिसळायला), पाण्याची स्प्रे बाटली, पोलादी पट्टी, कटर, कटिंग मॅट, बोन फोल्डर (घडीची खाच पाडायची बोथट पट्टी) आणि डबल साइड टेप. स्टॅम्प पोझिशनर (ठसा झाकणाला चिकटवून पुन्हा पुन्हा त्याच जागी मारायची चौकट) आणि हीट गन (गरम हवा सोडणारं यंत्र) मागाहून घेतली तरी चालतं. पॅडांचा ढीग मात्र करू नका. एकमेकांशी न पटणाऱ्या चोवीस रंगांपेक्षा पटणारे सहा केव्हाही बरे.

२. कागद किती जाड हवा आणि कार्ड कुठल्या मापाचं कापायचं?

घडीच्या कार्डाला २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद. त्याहून पातळ घेतलं तर कार्ड उभं राहत नाही, वर दोन थर चिकटवले की पुढे झुकतं. ए४ कागद (२१० × २९७ मिमी) आडवा मधोमध कापला की दोन कार्डांचे तुकडे मिळतात. प्रत्येकाला १०५ मिमीवर घडी घातली की १०५ × १४८ मिमीचं कार्ड होतं आणि ते सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) नीट बसतं.

ठसे आणि शाईचं काम थेट कार्डावर करू नका. १०० × १४३ मिमीचा वेगळा तुकडा घ्या, त्यावर सगळं करा आणि शेवटी कार्डावर चिकटवा. चारही बाजूंनी अडीच मिमीची किनार आपोआप सुटते. बिघडलं तर एक तुकडा जातो, अख्खं कार्ड जात नाही. कोरड्या ब्लेंडिंगला गुळगुळीत कार्डस्टॉक आणि पाणी लागणार असेल तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद. जलरंगाच्या कागदाची गुळगुळीत बाजू ठशासाठी घ्या, खरखरीत बाजूवर बारीक रेषा तुटते.

३. डाय, पिग्मेंट, ऑक्साइड, सॉल्व्हंट… कुठली शाई कशाला?

डाय शाई कागदात मुरते, पटकन वाळते आणि पारदर्शक असते. थरांच्या ठशांना हीच बरी, कारण खालची छटा वरच्या छटेतून डोकावते. पिग्मेंट शाई कागदाच्या वर बसते, सावकाश वाळते, बारीक अक्षरं धारदार उमटवते आणि उन्हाला जास्त टिकते. ऑक्साइड शाईत दोन्ही गुण असतात. ती बराच वेळ ओली राहते म्हणून छान मिसळते आणि पाणी लागलं की खडूसारखी दुधट दिसते. सॉल्व्हंट शाई प्लॅस्टिक, ॲसिटेट, चकचकीत कागद अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागांसाठी. एम्बॉसिंगची (पावडर वितळवून उठावाची नक्षी करायची) शाई जवळजवळ बिनरंगी आणि चिकट असते, तिचं काम पावडर धरून ठेवणं एवढंच.

४. घडी तडकते आणि कडेला पांढरे तंतू दिसतात. कागद वाईट आहे का?

बहुतेक वेळा घडी चुकीच्या दिशेने पडलेली असते. कागदातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात आणि घडी त्या दिशेला समांतर हवी. तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, तीच घडीची दिशा. घडी घालण्याआधी बोन फोल्डरने पट्टीला धरून खाच पाडा. खाच पाडताना मागच्या बाजूला जो बारीक उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि जाड कागद बाहेरून फाटतो.

५. नवा ठसा घेतला, पण छाप ठिपक्याठिपक्यांची येते. का?

नव्या पॉलिमर, म्हणजे पारदर्शक ठशावर साच्यातला किंचित तेलकट थर राहिलेला असतो आणि शाई त्यावर थेंब धरते. पांढरं खोडरबर ठशावर हलक्या हाताने फिरवा, पुसा, मग रद्दी कागदावर दोन-तीन छापा मारा. मोठ्या भरीव ठशांना याची गरज जास्त पडते.

एवढ्याने भागलं नाही तर टेबल बघा. पारदर्शक ठशाला स्वतःची गादी नसते, त्याला खालून थोडी गादी लागते. कागदाखाली दोन मिमीची फोम शीट ठेवली की फरक लगेच कळतो. लाकडावर बसवलेल्या रबरी ठशांना मात्र ही गादी नको, त्यांना त्यांची स्वतःची असते. शाई लावताना ठसा वर तोंड करून धरा आणि पॅड त्यावर टिचक्या मारल्यासारखं टेकवा. ठसा पॅडवर दाबला की शाई खोबणीत भरते आणि नक्षी बुजते.

६. थरांचे ठसे म्हणजे नक्की काय? आधी कुठला मारायचा?

एकच चित्र तीन-चार ठशांत फोडलेलं असतं: एक भरीव आकार, एक सावलीचा, एक गडद तपशिलाचा. क्रम फिकटाकडून गडदाकडे. भरीव आकार सगळ्यात फिकट छटेत, सावली मध्यम, शिरा आणि परागकण गडद. तीन छटा एकाच कुळातल्या घ्या, पण डोळ्याला सहज वेगळ्या दिसतील इतक्या लांबच्या. फिकट आणि मध्यम फार जवळ आल्या तर दुसरा थर मारल्याचं कळतच नाही. चित्राला खोली येते ती मधल्या थराने, गडद थर नुसती धार देतो. म्हणून छटा निवडताना वेळ मधल्या थरावर घालवा.

७. दुसरा थर पहिल्यावर कधीच नीट बसत नाही. हात कापतो म्हणून का?

हात नाही, बहुधा ठशाची दिशा चुकलेली असते. गुलाबाच्या सावलीचा ठसा चार दिशांनी सारखाच दिसतो, पण बसतो एकाच दिशेने. संच नवा असताना तिन्ही थर पारदर्शक ॲसिटेटच्या तुकड्यांवर सॉल्व्हंट शाईने वेगवेगळे मारा, तुकडे एकमेकांवर ठेवून फिरवा आणि जुळले की वरच्या बाजूला खूण करा. तशीच खूण ठशाच्या कडेलाही पक्क्या मार्करने करून ठेवा. हे काम एकदाच करावं लागतं.

हाताने जुळवताना पूर्ण चित्राकडे बघू नका, एकच जागा पकडा. समजा पाच पाकळ्यांचं फूल आहे आणि डावीकडच्या पाकळीच्या टोकाला छोटी खाच आहे. ब्लॉक कागदापासून बोटभर वर धरा, मान थेट त्यावर आणा, एक डोळा मिटा. ठशावरची खाच खालच्या छापेतल्या खाचेच्या किंचित आत आली की ब्लॉकची ती कड आधी टेकवा आणि बाकीचा ब्लॉक सावकाश खाली सोडा. तिरक्या डोळ्याने बघितलं तर ब्लॉकच्या जाडीमुळे ठसा असतो त्यापेक्षा बाजूला दिसतो आणि मग छाप दर वेळी एकाच बाजूला सरकते. तुमची चूक नेहमी एकाच बाजूची होत असेल तर कारण हेच.

पोझिशनरमध्ये हे सोपं आहे. कागद चुंबकाने कोपऱ्यात पक्का करा. पहिली छाप मारा. दुसरा ठसा हाताने त्या छापेवर, नक्षी खाली करून, नीट बसवा आणि झाकण मिटून तो उचलून घ्या. दहा कार्डं करायची असतील तर दहाही तुकड्यांवर पहिला थर आधी मारा, मग ठसा बदला. तुकडे अचूक सारखे कापलेले हवेत आणि प्रत्येक त्याच कोपऱ्यात टेकवायला हवा.

केसभर फरक राहिलाच तर राहू द्या. हातभर अंतरावरून तो दिसत नाही, आणि शुभेच्छापत्र भिंग लावून कुणी वाचत नाही.

८. माझ्याकडे त्या रंगाचं एकच पॅड आहे. तरी थर जमतील?

जमतील. ठशाला शाई लावा, आधी रद्दी कागदावर एक छाप मारा आणि पुन्हा शाई न लावता लगेच कार्डावर मारा. ही दुसरी छाप बरीच फिकट येते. तोच तुमचा पहिला थर. तो वाळला की मधला थर पूर्ण शाईने मारा. तपशिलाचा थर त्याच शाईने पूर्ण वाळल्यावर दोनदा मारला की गडद होतो, पण यासाठी पोझिशनर हवाच. ही युक्ती डाय शाईत जमते. पिग्मेंट शाईची दुसरी छाप डागाळ येते.

९. ब्लेंडिंग करताना गोल गोल डाग पडतात. गुळगुळीत कसं करायचं?

डाग पडतो तो ब्रश पहिल्यांदा कागदावर टेकतो त्या जागी. भरलेला ब्रश थेट कागदावर कधीही ठेवू नका. तुकडा कमी चिकट टेपने मॅटवर बसवा. ब्रश पॅडवर टेकवा, मॅटवर दोन-चार फेरे मारा, आणि गोल फिरवत फिरवतच कागदाच्या कडेवरून आत या. हात इतका हलका हवा की पहिल्या दोन फेऱ्यांत रंग दिसूच नये. गडद हवं असेल तर जोर वाढवू नका, फेरे वाढवा.

तरीही एखादा डाग उठून दिसत असेल तर तिथे बोटाचं तेल लागलेलं असतं. तेलाच्या जागी शाई वेगळी मुरते आणि कधी कधी चक्क अंगठ्याचा ठसा उमटतो (नको तो थर!). तुकडा कडेने धरा आणि सुरुवातीला अँटिस्टॅटिक (स्थिर वीज घालवणाऱ्या) पावडरची पुरचुंडी सगळीकडे हलकी फिरवा. कागदाची लव सुटून गोळ्या होत असतील तर कागद मऊ आहे किंवा ओला आहे. थांबा, वाळू द्या.

पडलेला डाग घासून जात नाही, वाढतो. त्यावर स्टेन्सिलमधून थोडा गडद रंग द्या, किंवा पाण्याचे थेंब टाका (प्रश्न ११), नाहीतर नेमकं तिथेच फूल बसवा.

१०. दोन सुंदर रंग एकत्र आले की मळकट तपकिरी होतं. काय चुकतं?

समोरासमोरचे रंग मिसळले जातात: पिवळा आणि जांभळा, निळा आणि नारिंगी, लाल आणि हिरवा. यांच्यामध्ये दोघांशी पटणारा तिसरा रंग घाला. पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत जायचं तर मध्ये गुलाबी. निळ्यापासून नारिंगीपर्यंत जायचं तर जांभळा आणि गुलाबी. तिसरा रंग नसेल तर मध्ये बोटभर पांढरी जागा सोडा. ब्रशही रंगाच्या कुळानुसार वेगळे ठेवा. निळ्यात बुडवलेला ब्रश पिवळ्या पॅडवर टेकला तर कार्डच नाही, पॅडही बिघडतं. ओल्या कामात मळकटपणा लवकर येतो, म्हणून प्रत्येक रंग वाळवूनच पुढचा लावा.

११. पाणी शिंपडलं, पण पांढरे ठिपके उठलेच नाहीत.

तीन कारणं. शाई पाण्याला दाद देणारी नव्हती (पिग्मेंट किंवा पक्की शाई), कागद फार शोषणारा होता, किंवा आधी हीट गन मारून शाई बसवली होती. शाई योग्य असेल तर ओल्या ब्रशच्या टोकावर बोटाने टिचकी मारून थेंब टाका, १५-२० सेकंद थांबा आणि टिश्यू वरून सरळ टेकवून उचला. पुसू नका. थेंब टिपला की त्याच्याबरोबर रंगही वर येतो आणि खाली फिकट वर्तुळ राहतं. ठिपके मोठे येतात की बारीक, हे थेंबाच्या आकारावरच नाही, तर तो किती उंचावरून पडतो त्यावरही ठरतं, तेव्हा आधी रद्दीवर बघा.

१२. ब्रश न वापरता जलरंगासारखी पार्श्वभूमी करता येते का?

येते. पॅड प्लॅस्टिकच्या शीटवर टेकवा, त्यावर तीन-चार फवारे मारा म्हणजे शाईचे मणी होतात. जलरंगाचा कागद पालथा त्यावर ठेवा आणि उचला. दाबायचं नाही, दाबलं की मणी मोडतात आणि एकसंध डबकं होतं. वाळवा, उरलेल्या शाईवर पुन्हा टेकवा, पुन्हा वाळवा. तीन-चार फेऱ्यांत थरांवर थर चढतात. एका शीटवर दोनच रंग ठेवा, मळकटपणाचा नियम (प्रश्न १०) इथे दुप्पट लागू होतो.

१३. पार्श्वभूमी आधी की ठसे आधी? आणि रंगीत पार्श्वभूमीवर माझं पिवळं फूल हिरवं का झालं?

डाय शाई पारदर्शक आहे. निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवंच. तीन वाटा आहेत. गडद एकरंगी ठसा मारायचा असेल तर पार्श्वभूमी आधी, ती पूर्ण वाळल्यावर ठसा. फुलाचे रंग शुद्ध हवे असतील तर फूल आधी, त्यावर मास्क (फुलाच्याच आकाराचं कापलेलं कागदी झाकण), मग ब्लेंडिंग (प्रश्न १४). आणि सगळ्यात कमी कटकटीची तिसरी: फूल वेगळ्या पांढऱ्या कागदावर मारून, एक-दीड मिमी पांढरी कड ठेवून कापायचं आणि फोम टेपने वर बसवायचं. पहिली दहा कार्डं तरी तिसऱ्या वाटेने करा.

गडद पार्श्वभूमीवर पांढरं उमटवायचं असेल तर पांढरी पिग्मेंट शाई एकदा मारून राखाडी दिसते. ती दोनदा मारा, नाहीतर पांढरी एम्बॉसिंग पावडर वापरा. भरवशाची पावडरच.

१४. मास्क काढला की फुलाभोवती पांढरी कड राहते.

मास्क मोठा कापला गेला. तो रेषेवर, किंबहुना केसभर आत कापा. कागद पातळ हवा. चिकट चिठ्ठ्यांचा कागद चालतो, पण चिकट पट्टी नेमकी चित्राखाली येईल असा ठसा मारा. जाड मास्कच्या कडेला ठसा खाली पोचत नाही आणि तिथे पुन्हा पांढरी फट राहते. एकामागे एक फुलं दाखवायची असतील तर सगळ्यात पुढचं फूल आधी मारून झाका, मागचं नंतर.

१५. एम्बॉसिंग पावडर नको तिथेही चिकटते. कितीही झटकली तरी कण राहतात.

कोऱ्या कागदावर कारण स्थिर वीज किंवा बोटाचं तेल, उपाय अँटिस्टॅटिक पुरचुंडी. ब्लेंडिंग केलेल्या कागदावर कारण वेगळं असतं: शाई हाताला कोरडी लागते, पण आत ओलसर असते. ऑक्साइड शाईत हे हमखास होतं. हीट गनने वाळवा, कागद पूर्ण गार होऊ द्या, मगच पुरचुंडी फिरवा आणि ठसा मारा. गरम कागदावर पावडर टाकली तर ती तिथेच धरते. उरलेले कण कोरड्या बारीक ब्रशने झटका.

वितळवताना गन आधी दहा-पंधरा सेकंद बाजूला चालवून तापवा. मग जवळ आणा. पावडर आधी खरबरीत, साखरेसारखी दिसते. मग एका टोकाला अचानक ओली चमक येते आणि ती चमक रेषेवरून पुढे सरकत जाते. चमक पुढे गेली की गनही पुढे न्या. एकाच जागी थांबलात तर पावडर कागदात मुरते आणि छाप चपटी, तेलकट दिसते. ती परत उठत नाही.

उलट क्रमही छान दिसतो. पांढऱ्या कागदावर पारदर्शक पावडरने नक्षी उठवा, वर ब्लेंडिंग करा, मग कोरड्या कापडाने नक्षीवरची शाई पुसा. खालचा पांढरा तसाच झळकतो.

१६. कागद पन्हाळीसारखा वाकतो.

एका बाजूने ओला झाला म्हणून. पूर्ण वाळल्यावर मागून अगदी हलका फवारा मारा, दोन कोऱ्या कागदांत घालून रात्रभर वजनाखाली ठेवा. चिकटवताना पातळ डिंक सगळीकडे लावू नका, नाहीतर तो पुन्हा वाकेल. डबल साइड टेप वापरा, कडेला लागून.

१७. चित्र रंगवायला घेतलं की काळी रेषा पसरते.

शाई आणि रंगाचं जुळत नाही. जलरंग वापरायचे तर रेषा पाण्याला न दबणाऱ्या शाईची हवी. अल्कोहोल मार्कर वापरायचे तर अल्कोहोलला न विरघळणारी, म्हणजे सॉल्व्हंट शाई इथे बाद. पॅडवर मार्करसाठी योग्य असं लिहिलेलं बघून घ्या. आणि योग्य शाईलाही वाळायला पाच-दहा मिनिटं द्या.

१८. चकचकीत कागदावर किंवा वेलमवर (अर्धपारदर्शक कागदावर) शाई दुसऱ्या दिवशीही पुसली जाते.

तिथे साधी शाई मुरायला जागाच नसते. सॉल्व्हंट शाई वापरा किंवा पिग्मेंट शाईवर पारदर्शक पावडर वितळवा. वेलम उष्णतेने वळतो, तेव्हा गन लांबून.

१९. वाक्य नेहमी तिरकं पडतं.

चौकटी आखलेला ब्लॉक घ्या, नाहीतर साध्या ब्लॉकखाली आलेखाचा कागद धरून ठसा बसवा. त्याहून सोपं म्हणजे वाक्य वेगळ्या पांढऱ्या कागदावर मारायचं आणि नंतर अक्षरांना समांतर १०-१२ मिमीची पट्टी कापायची. तिरकं मारलेलंही सरळ होतं.

२०. ठसे कसे धुवायचे? रंगाचा डाग जात नाही.

डाय आणि ऑक्साइड शाई ओल्या फडक्याने जाते. सॉल्व्हंट शाईला तिचाच क्लीनर लागतो. पॉलिमर ठशाला पडलेला रंग पुढच्या छापेत उतरत नाही, तो घासत बसू नका. ब्लॉकला चिकटेनासा झाला तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. ठसे उन्हात ठेवू नका, पिवळे आणि कडक होतात.

२१. कार्डाचे रंग उडतील का?

डाय शाईचे उन्हात उडतात. पाकिटात किंवा पेटीत राहणाऱ्या कार्डाला काळजी नाही. भिंतीवर लावलं जाणार असेल तर मुख्य चित्र पिग्मेंट शाईत करा.

२२. अशी कार्डं विकता येतात का?

ठशावरचं चित्र ते काढणाऱ्याचं असतं. अनेक ठसे-कंपन्या हाताने ठसा मारून केलेली कार्डं मर्यादित प्रमाणात विकू देतात, आणि त्या परवानगीला या क्षेत्रात एंजल पॉलिसी म्हणतात. छाप स्कॅन करून छापणं किंवा डिजिटल रूपात विकणं त्यात सहसा बसत नाही. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, तेव्हा विकायला काढण्याआधी तो मजकूर वाचा.

२३. फोम टेप लावलेलं कार्ड पाकिटात मावत नाही.

दोन मिमीची फोम टेप एकाच थरात ठेवा, फोमवर फोम नको. टपालाने पाठवायचं असेल तर उठावाचा भाग मधोमध घ्या आणि कार्डासोबत पाकिटात एक जाडसर पुठ्ठा घाला. पाकिटाच्या कडेपाशी आलेला उठाव टपालाच्या यंत्रात चेपतो. हाताने द्यायचं कार्ड असेल तर कितीही उठाव चालतो, फक्त पाकीट सी६ च्या पुढच्या मापाचं घ्या.